वीस लाद्या

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे,
फ्लोरियानच्या आवारात दोन पिकअप उभ्या.
एक पांढरी, पंधराशे सीसी,
डाव्या दारावर कुठल्याशा बेकरीचं खरवडलेलं नाव.
दुसरी निळी, पंचवीसशे,
हिच्यातून आधी काय वाहिलं ते कोणी सांगत नाही.
किमतीत फरक अठ्ठेचाळीस हजारांचा.
किलोमीटरचे आकडे दोघींचेही
लग्नाच्या वयासारखे, जरा मागे ओढलेले.

दीर शाबलो म्हणाला, मोठंच घे वहिनी,
बर्फाचा धंदा आहे, वितळायच्या आत पोचायला हवं.
फ्लोरियान म्हणाला,
"पळे बाय, हांव दोनूय विकतां, म्हाका सगळें सारकेंच."
त्याचं तेवढं एकच वाक्य मी खरं मानलं.

म्हटलं, चाव्या दे. दोन्ही. दोन दिवस.

कुंकळ्ळीच्या कारखान्यातून वीस लाद्या,
एक टन, वर ताडपत्री,
करमल घाट, मग तळपणचा धक्का.

पहिल्या दिवशी निळी.
बाळ्ळी मागे पडली आणि चढ कधी लागला
ते मला कळलंच नाही.
वळणावळणाला ती नुसती हं म्हणत राहिली,
ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या थोरल्या जावेसारखी.
धक्क्यावर कामिलने लाद्यांवरून हात फिरवला:
आज कोपरे शाबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी पांढरी.
पहिल्या वळणाला तिसऱ्यावरून दुसरा,
चौथ्या वळणाला पहिला गिअर,
मागे कारवारची बस, तिचा हॉर्न थेट मानेत.
मी खिडकीतून हात काढून
जा बाबा, पुढे जा.
इंजिन असं बोलायला लागलं
की लादी न् लादी वेगळी ऐकू यावी:
ही सतरावी, ही अठरावी,
ही मघाशी नको म्हणत असताना चढवलेली विसावी.
तळपणला कोपरे गोल झालेले,
वापरलेल्या साबणासारखे.

दीड लादी गेली, शाबलो म्हणाला.
मासेमारी बंदीचे दोन महिने वगळून
त्याने वर्षाचा हिशेबही केला, सिगारेटच्या पाकिटावर,
आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

हिशेब बरोबर होता. तो फक्त जातानाचा होता.

गाडीत भार किती, असं पायथ्याशी विचाराल
तर एक टन.
धक्क्यावर विचाराल तर जरा कमी.
परतताना विचाराल तर
मी, पंचावन्न किलो, आणि डबा.
अर्धी वाट मी रोज हवा वाहते,
आणि हवा वाहायलाही निळी
मोठ्या घरच्यासारखीच पिते.

पांढरी घेतली.
स्टेपनी गुळगुळीत म्हणून तीन हजार कमी करून घेतले,
फ्लोरियानने देवाचं नाव घेतलं, मग पैसे मोजले.
शाबलो चार दिवस बोलला नाही.
वाचलेल्या पैशांतून गिरणीचा कोंडा, गोणपाट, जाड ताडपत्री.
बाकीचं डिझेलला.
चारऐवजी तीनला उठते, एवढाच बदल;
त्या वेळी घाट गार असतो
आणि मागे हॉर्न वाजवायला कोणी नसतं.

तरी गळतं थोडं. बर्फ आहे.

आता एप्रिल.
करमलचा सगळा उतार करपून भुरा,
फक्त चौथ्या वळणावर,
जिथे रोज अंधारात मी पहिल्या गिअरला येते,
कडेला वीतभर रुंद हिरवं गवत.
परतताना उजेडात दिसतं.
कोणाची तरी तांबडी गाय तिथे चरत असते,
अर्धी गवतात, अर्धी रस्त्यात.
हॉर्नला ती हलत नाही.
रिकामी असले तरी
तिथे मला पहिला गिअर टाकावा लागतो.